तारेला टोचलेलं गाणं

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे ते खरं आहे, आणि आयुष्यात मी जेवढं म्हणून खरं बोललो त्यातलं नेमकं हेच कुणाला पटलेलं नाही.

कल्याणच्या पारनाक्यावर माझ्या थापांना मान होता. खाडीतल्या सुसरीने माझ्या सायकलची घंटा गिळली आणि भरती आली की ती पाण्याखाली वाजते, असं मी सांगितलं तेव्हा दोन भले गृहस्थ भरतीची वेळ साधून दुर्गाडी किल्ल्याखाली कान देऊन उभे राहिलेले. टिटवाळ्याहून येताना मी बैलगाडीने कसाऱ्याच्या गाडीला मागे टाकलं होतं, तेही एक बैल वाटेत झोपलेला असताना. वडिलांचं अक्षर मी वडिलांपेक्षा चांगलं काढतो, कोर्टातसुद्धा फरक ओळखू आला नाही, हेही मीच सांगितलेलं. लोकांनी हे सगळं चहाबरोबर गिळलं. पण "ते गाणं माझं आहे" एवढं चार शब्दांचं वाक्य त्यांच्या घशाखाली उतरलं नाही ते नाहीच.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. सकाळी दारात बसायचं, आत येणाऱ्या माणसाचं नाव आणि वेळ लिहायची. दिवसाला हजार नावं लिहायचो. म्हणजे पाचशे. माझ्या आकड्यातून निम्मं वजा करायची सवय लावून घ्या, पुढे सोपं जाईल. इतकी नावं लिहिल्यावर माणसाला एकच इच्छा उरते, की कुठेतरी कुणीतरी आपलंही नाव लिहावं. मी गाणी लिहायचो. ती रेकॉर्डवर यावीत आणि तबकडीच्या मधल्या त्या गोल कागदावर माझं नाव छापलेलं असावं, बस्स.

ते नाव मला मुख्यतः एकाच माणसाला दाखवायचं होतं. वडिलांना.

वडील कल्याणच्या कोर्टात बेलीफ होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी समन्स बजावली. एक माणूस समन्स चुकवायला ताडाच्या झाडावर चढून बसला, तर हे खाली तीन दिवस बसून राहिले. (निम्मं वजा करा, तरी दीड दिवस उरतो.) जे कागदावर आहे तेच घडलं, अशी त्यांची ठाम समजूत. आमच्या ओटीवर खुंटीला एक तार टांगलेली असे, खाली लाकडी चकती, वर आकडा. घरात आलेलं प्रत्येक पत्र, पावती, लग्नपत्रिका वडील आधी स्वतः उघडणार, वाचणार, त्यावर "मिळाले" असा शेरा मारून खाली तारीख घालणार आणि तारेत टोचणार. पत्र कुणाच्या नावाचं आहे हा प्रश्न आमच्या घरात गौण होता.

मी लिहितो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"लिहितोस म्हणजे? कुठून उतरवून घेतोस?"

"उतरवून नाही, अण्णा. माझं मी लिहितो."

"असं? छापून आलं की दाखव. तोंडी पुरावा तुझा नको."

माझा तोंडी पुरावा घरात चालत नसे, आणि त्यात त्यांची चूक होती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

ठाण्याला खोपट वस्तीच्या पलीकडे एक पेटीमास्तर राहायचे. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीत त्यांचं जाणंयेणं होतं, त्यांच्या चालींच्या दोन-तीन तबकड्या निघाल्या होत्या. ओळखीची ओळख काढून मी त्यांच्याकडे दर रविवारी जायला लागलो. या धंद्याची रीत मला तिथे कळली. आपल्याला वाटतं, आधी शब्द, मग चाल. छे! आधी चाल. आणि चाल लक्षात राहावी म्हणून मास्तर तीत तोंडाला येतील ते शब्द घालत. त्यांच्या तोंडाला भाज्या यायच्या. डोळे मिटून, मान हलवून, गळा भरून गायचे, "भेंडी गवार नि पडवळ कोवळं, हाय रे पडवळ, पडवळ कोवळं." त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. मी घरी येऊन भेंडीच्या जागी विरह आणि पडवळाच्या जागी पैंजण बसवायचो. दोन वर्षं हे चाललं. सगळी भाजी मंडई मी एकट्याने प्रेमात पाडली, पण मास्तरांना एकही गाणं पसंत पडेना.

"शब्द बरे आहेत हो," ते म्हणत, "पण भाजीचा गोडवा येत नाही."

मग ते गाणं सुचलं. ठाण्याला लवकर उतरलो होतो, मास्तर आंघोळीला बसले असतील म्हणून पूर्वेला खाडीच्या अंगाला गेलो. तिथे मिठागरं होती, तिकडची माणसं त्यांना नुसतं आगर म्हणतात. बायका पाट्या भरभरून मीठ वाहत होत्या, पांढऱ्या राशी लागल्या होत्या. एकीने पाटी रिकामी केली आणि जाताजाता मूठभर मीठ पदराच्या टोकाला बांधलं. मी बघत उभा राहिलो, तर म्हणाली, "काय बघतोस रं? मीठ नाय बघलंस कधी?"

पदर घामाने भिजलेला होता. घरी पोचेपर्यंत मीठ त्यात राहणार किती, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मास्तरांच्या चालीत आपोआप जाऊन बसला:

आगरात माझ्या चांदणं पिकलं,
पदरात बांधलं, पदरात विरलं.

पुढची कडवी मी तिथेच बांधावर बसून लिहिली. ही थाप नाही. एका शब्दाचीही खाडाखोड झाली नाही, हीसुद्धा थाप नाही, जरी मी कुणाला शपथेवर सांगू शकणार नाही.

आता पारनाक्याजवळच्या एका छापखान्यात माझा मित्र कंपोझिटर होता. खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायचा, त्यामुळे स्वतःला साहित्यातला समजायचा. त्याला गाणं ऐकवलं. त्याने हातातले खिळे खाली ठेवले. त्या माणसाचे हात थांबवणं म्हणजे काय ते कल्याणात विचारा.

"हे तू मास्तरला असंच देणार?" शेवटी तो म्हणाला.

"मग कसं देणार? ताटात घालून?"

"अरे येड्या, उद्या तो म्हणेल माझं आहे, तर? आपले जुने कवी काय खुळे होते? शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालून ठेवायचे. गाणारा गाणार कसा नावाशिवाय?"

म्हणून मी चौथं कडवं जोडलं. त्यात माझं नाव होतं, ठसठशीत, यमकात अडकवलेलं. ते काढलं तर कडवं कोसळेल असं पक्कं बांधकाम केलं होतं.

एवढ्यावर कंपोझिटरचं समाधान झालं नाही. त्याने आणखी एक तोड काढली, ती कुठल्यातरी वकिलाच्या पत्रिका छापताना त्याच्या कानावर आली होती. गाणं पाकिटात घालायचं, लाखेने सील करायचं आणि स्वतःच्याच नावावर रजिस्टर टपालाने पाठवायचं. आलं की उघडायचं नाही. पाकिटावर पोस्टाचा शिक्का, शिक्क्यावर तारीख. भांडण झालं तर चार पंचांसमोर फोडायचं.

"आतलं गाणं त्या तारखेला होतं की नाही? सरकारच सांगतंय," तो म्हणाला. "पण आधी फोडलंस तर रद्दी. लक्षात ठेव."

मी तसंच केलं. पोस्टातल्या कारकुनाने पत्ता दोनदा वाचला.

"पाठवणारे तुम्हीच, घेणारे तुम्हीच?"

"हो."

"एवढं काय आहे त्यात?"

"माझ्या मनातलं. तोंडावर सांगायला संकोच वाटतो," मी म्हणालो. त्याने पावती दिली आणि घाईघाईने पुढच्याला बोलावलं.

दोन दिवसांनी मी कारखान्यातून आल्याआल्या विचारलं, "अण्णा, माझं रजिस्टर आलं का?"

"आलं. व्यवस्थित ठेवलंय."

व्यवस्थित! वडिलांची कुलूपबंद ट्रंक होती, तीत त्यांची कोर्टाची प्रशस्तिपत्रं आणि घराचे कागद असत. तीस वर्षांत त्या ट्रंकेतला कागद हरवला नव्हता. माझं गाणं त्या ट्रंकेत! मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आत काय आहे ते विचारलं असतं, आणि छापून आल्याशिवाय मला ते सांगायचं नव्हतं. त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर माझं आयुष्य घसरलं. माझ्यासारखा बडबड्या माणूस जन्मात एकदा गप्प बसला, तो नेमका तेव्हा.

गाणं मास्तरांना दिलं. त्यांनी पेटीवर म्हटलं. बायको आतून बाहेर आली. मास्तर म्हणाले, "ठेवून जा. कंपनीत दाखवतो." मग आठ-दहा महिने दर रविवारी "बघू", "साहेब बाहेरगावी आहेत", "गाणारीण आजारी आहे." मला घाई नव्हती. मी नाक्यावर सांगत सुटलो होतो, माझी रेकॉर्ड येणार, चौथ्या कडव्यात माझं नाव आहे, गाणारीण रडली, कंपनीचे साहेब रडले, ध्वनिमुद्रणाचं यंत्रसुद्धा ओलं झालं म्हणून काम थांबलं. लोक म्हणायचे, "वा! घंटा वाजते का अजून खाडीत?"

एका रविवारी सकाळी कंपोझिटर धावत घरी आला. "चल! नाक्यावरच्या हॉटेलात वाजतंय!"

मी बंडीवरच पळालो. हॉटेलात नवा फोनो आणला होता, पाच-पंचवीस माणसं चहा विसरून ऐकत होती. बाईचा आवाज असा, की देवाने मिठाच्या त्या राशीवर बसून घडवला असावा. आणि ती गात होती:

अंगणात माझ्या चांदणं पिकलं…

अंगणात? मला वाटलं कान फुटले. अंगणात चांदणं पिकतं, ठीक आहे, मग ते पदरात विरतं कसं? मीठ कुठे गेलं? मिठागर कुठे गेलं? पण लोक माना डोलावत होते.

"गाणं माझं आहे," मी ओरडलो. "थांबा, शेवटचं कडवं ऐका. त्यात माझं नाव आहे!"

सगळे थांबले. खरंच थांबले, कपबशीचा आवाज नाही. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. बाईने मुखडा पुन्हा घेतला. सारंगी वर गेली, खाली आली, आणि संपली. सुई खर्र खर्र खर्र करत रिकाम्या खाचेत फिरायला लागली.

मी वाट बघतच होतो. त्या खरखरीत माझं नाव ऐकू येईल असं मला वाटत होतं.

"नाव फार बारीक आवाजात घेतलंय का रे?" कुणीतरी विचारलं. हॉटेल जे हसलं ते रेल्वेच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असेल. इथे निम्मं वजा करू नका.

तबकडी तीन मिनिटांची असते. तीन मिनिटांत तीन कडवी. हे जुन्या कवींना कुणी सांगितलं नव्हतं, कंपोझिटरला नव्हतं आणि मलाही नव्हतं. गोल कागदावर गीतकार म्हणून एका नामवंताचं नाव छापलेलं होतं.

"पुरावा आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "सीलबंद. सरकारी शिक्क्याचा. चला घरी, चार पंच चला!"

चार बोलावले, पंधरा आले. वडील ओटीवर पान जुळवत बसले होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं घरावर जप्ती आली. ते रीतीप्रमाणे उभे राहिले.

"अण्णा, ते रजिस्टर द्या. गेल्या वर्षीचं. ट्रंकेतलं."

"ट्रंकेत कशाला असेल?" वडील म्हणाले. त्यांनी खुंटीवरची तार काढली, मांडीवर घेतली, वरचे कागद एकेक मागे सारत गेले, आणि लग्नपत्रिका, पावत्या, मामाचं पत्र यांच्यामधून माझं पाकीट वर आलं. एका कडेने सुरीने सरळ कापलेलं. लाख जागच्या जागी. मागे माझं गाणं, चार कडव्यांचं, टोचलेलं.

"रद्दी," कंपोझिटर पुटपुटला.

"तुम्ही… उघडलंत?" मी विचारलं.

"न उघडून?" वडिलांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "रजिस्टर आलेलं आणि घरात बंद ठेवायचं? मुदत टळली तर एकतर्फी हुकूमनामा होतो. अशी किती घरं बुडालेली बघितलीत मी. आलेलं रजिस्टर त्याच दिवशी उघडायचं, हे बेलिफाच्या मुलाला सांगायला हवं?"

जमलेल्यांपैकी एक कारकून होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "उघड्या पाकिटात काय, गाणं कालही घालता येतं." तो चांगला माणूस होता, त्याने मला लागू नये म्हणून हळू सांगितलं. त्यानेच जास्त लागलं.

"निदान कागद तरी द्या, अण्णा. मास्तरांना दाखवतो."

"मूळ कागद घराबाहेर न्यायचा नसतो," वडील म्हणाले आणि तार परत खुंटीला लावली.

मी रिकाम्या हाताने ठाण्याला गेलो. मास्तरांनी चहा दिला, ते शिव्या देते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कंपनी नव्या नावाला विचारत नाही हो. त्यांच्या कवीने एक शब्द बदलला, तोही चांगल्यासाठी. मुंबईत आगर कोण ओळखतो? अंगण प्रत्येकाला असतं. निदान हवं तरी असतं."

"आणि मी?"

मास्तर पेटीच्या भात्याशी चाळा करत बसले. आतून त्यांची बायको तेच गाणं गुणगुणत होती. तीही अंगणातच पोचली होती.

त्यानंतर मी गाणं लिहिलं नाही. लिहायला बसायचो. कागदावर पहिली ओळ उतरायची आणि मला त्या ओळीखाली दुसऱ्याचं नाव दिसायचं, छापलेलं, गोल कागदावर. मी कारखान्यात इतरांची नावं लिहीत राहिलो. गाणं मात्र सुटलं होतं. गणपतीत वाजलं, लग्नात वाजलं, शाळेच्या संमेलनात पोरी त्यावर फेर धरून नाचल्या. एकदा मिठागराच्या बाजूने जाताना पाटी वाहणारी एक बाई तेच म्हणत होती. पायाखाली आगर, डोक्यावर मीठ, आणि तोंडाने "अंगणात." मी तिला थांबवून सांगणार होतो. काय सांगणार होतो, कुणास ठाऊक. ती पुढे गेली.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती भाकरी थापताना गाणं म्हणायची, मी आत आलो की थांबायची. एकदा थांबली नाही. मग मीच विचारलं, "तुला तरी पटतं ना, माझं आहे म्हणून?"

"तुमचं असेल हो," ती म्हणाली. "पण अंगणातच बरं वाटतं कानाला."

वडील त्या विषयावर कधी बोलले नाहीत. एकदाच, आजारपणात, मी त्यांना औषध देत होतो. लांबून कुठूनतरी कर्ण्यावर ते गाणं ऐकू येत होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या त्या कागदावर आगर होतं."

मी औषधाचा चमचा खाली ठेवला. "हो, अण्णा. मूळ आगरच आहे."

"तेच बरोबर. मीठ विरतं. चांदणं कसं विरेल?" त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघितली. हॉटेलात सुईकडे बघत उभा होतो तसाच. मग ते म्हणाले, "कुणाचं उतरवून घेतलं होतंस ते?"

मी औषधाच्या बाटलीला बूच लावलं. मी काय म्हणणार होतो? माझा तोंडी पुरावा त्या घरात चालत नव्हता, शेवटच्या आजारातसुद्धा.

ते गेले. दिवसवार झाल्यावर ओटी झाडायला काढली तेव्हा मी ती तार खाली घेतली. कागद एकेक करून काढत गेलो. माझ्या गाण्याचा कागद पिवळा पडला होता. भोक दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधल्या कोऱ्या जागेतून पाडलेलं होतं. एकाही अक्षराला धक्का नव्हता. समन्सचे कागदसुद्धा ते इतके जपून टोचत नसत. कागद उलटला. त्या दिवशी पंधरा पंचांतल्या कुणीच तो उलटला नव्हता, मीही नाही. मागे त्यांच्या शेऱ्याचं अक्षर, बारीक, तिरपं:

"मिळाले. चिरंजीवांनी कुठूनतरी उतरवून घेतलेले गाणे. शेवटी स्वतःचे नाव घुसवले आहे. दोनदा वाचले. चांगले आहे."

खाली तारीख होती. पाकीट घरी पोचलं त्याच दिवसाची. रेकॉर्ड निघण्याच्या आधी जवळजवळ वर्षभराची, एका बेलिफाने स्वतःच्या हाताने घातलेली. कुठल्याही कोर्टात उभा राहील असा पुरावा, आणि त्यात लिहिलेलं काय, तर गाणं माझं नाही.

तरी मी तो कागद घेऊन उठलो. कंपोझिटरला दाखवावा, हॉटेलात न्यावा. चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. नाक्यावर पहिला माणूस काय म्हणेल ते मला तिथूनच ऐकू आलं. वडिलांचं अक्षर मी वडिलांपेक्षा चांगलं काढतो, हे त्या नाक्याला कुणी सांगितलं होतं? मीच.

चपला काढल्या. कागद त्याच भोकातून पुन्हा तारेत घातला, वर मामाचं पत्र, पावत्या, लग्नपत्रिका होत्या त्या क्रमाने बसवल्या आणि तार खुंटीला लावली.